आवाज कुणाचा?

लोकलमध्ये 'पुढील स्टेशन दादर' असं सांगणारी बाई कोण, हे डब्यातल्या कुणालाच ठाऊक नसतं. तिचा आवाज मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. बँकेला फोन लावला की आपल्याला ताटकळत ठेवणारा आवाज, कार्टूनमधल्या खोडकर मुलाचा आवाज, दक्षिणेकडच्या सिनेमात हिंदीतून गरजणाऱ्या खलनायकाचा आवाज, यांचंही तेच. मुंबईत असे बिननावाचे आवाज भरपूर आहेत. अंधेरी, ओशिवरा, वर्सोव्याच्या गल्ल्यांमध्ये दुकानांच्या वर, इमारतींच्या तळघरांत डबिंग स्टुडिओ आहेत आणि तिथे रोज कुणीतरी दुसऱ्याच्या ओठांवर आपला आवाज बसवत असतं.

'आवाज कुणाचा?' असं मुंबईत विचारलं की मागून उत्तर आपोआप येतं, तो भाग निराळा. गेली दोन-तीन वर्षं हाच प्रश्न न्यायालयांत गंभीरपणे विचारला जातोय. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांना अंतरिम दिलासा दिला. त्यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने केलेली नक्कल पुरवणाऱ्या कंपन्यांना आणि त्यांचं नाव-छायाचित्र वापरून माल विकणाऱ्यांना न्यायालयाने रोखलं. त्याआधी जुलै २०२४ मध्ये याच न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या बाजूने असाच आदेश दिला होता. बातम्या आल्या, 'आता आवाजालाही संरक्षण' असे मथळे झाले. मथळा अर्धाच खरा आहे. संरक्षण मिळालं ते प्रसिद्ध आवाजाला. ज्याचं नाव कुणाला माहीत नाही त्या आवाजाचं काय, हे या आदेशांतून कळत नाही. आणि मुंबईत पोट भरणारे बहुतेक आवाज त्याच दुसऱ्या प्रकारातले आहेत.

आधी यंत्र नेमकं काय करतं ते बघू. रेकॉर्ड झालेला आवाज संगणकासाठी आकड्यांची लांबलचक रांग असते. हजारो माणसांचं बोलणं ऐकवून तयार केलेली प्रणाली त्या आकड्यांतून दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकते: काय बोललं गेलं, आणि कोण बोललं. दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे गळ्याचा पोत, उच्चारांची ढब, श्वास घेण्याची सवय यांचा, ती एक छोटासा आकडी ठसा बनवते. तो ठसा हाताशी आला की कुठलाही मजकूर द्या, त्या गळ्यातून वाचून मिळतो. ठसा घ्यायला फार वेळ लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२३ च्या सुरुवातीला जी प्रणाली जाहीर केली, तिला तीन सेकंदांचा नमुना पुरतो असा त्यांचा दावा होता.

गाण्याचं थोडं वेगळं आहे. दिवंगत गायकांच्या आवाजातली नवी गाणी रील्समधून फिरतात, त्यातली बरीचशी आधी कुणीतरी खरोखर गायलेली असतात. सूर, लय, हरकती त्या गाणाऱ्याच्या. यंत्र फक्त गळा बदलतं. म्हणजे ऐकणारा वाहवा करतो ती एकाच्या आवाजाला, आणि मेहनत असते भलत्याच माणसाची. त्या माणसाचं नाव कुठेच नसतं.

मराठीत यंत्र अजून ठेचकाळतं. 'चमचा' आणि 'चिमटा' यांतले च वेगळे, पण लिपीत फरक दिसत नाही. मग यंत्र हिंदीच्या वळणाने 'चमचा' म्हणतं आणि ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच खटकतं. हा दोष सुधारायला नीट मराठी बोलणारे गळे लागतात. म्हणून अशी कामं येतात: शांत खोलीत बसा, आनंद, राग, घाई, कंटाळा अशा वेगवेगळ्या भावनांत शेकडो सुटी वाक्यं वाचा, पैसे घ्या, सही करा. ना सिनेमा, ना जाहिरात, ना पात्र. आपण कशासाठी वाचलं हे वाचणाऱ्याला कधी सांगितलं जातं, कधी नाही.

आता कायद्याकडे. पहिला गैरसमज असा की आवाजावर कॉपीराइट असतो. नसतो. कॉपीराइट कायदा, १९५७ गाण्याच्या शब्दांना, चालीला, ध्वनिमुद्रणाला संरक्षण देतो, गळ्याला नाही. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने जुन्या गाण्यांच्या कव्हर कॅसेटचा बाजार उभा केला तो याच फटीतून. मूळ ध्वनिमुद्रण त्यांचं नव्हतं, मग तेच गाणं नव्या गायकाकडून गाऊन घेतलं. सोनू निगम यांची सुरुवातीची ओळख रफींची गाणी गाणारा मुलगा अशी झाली. आवाज मिळताजुळता असणं हा तेव्हा गुन्हा नव्हता, आजही नाही. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांमधून 'व्हॉइस ऑफ मुकेश', 'व्हॉइस ऑफ किशोर' म्हणून कित्येकांनी संसार केले.

मग आशाताई आणि अरिजित यांना न्यायालयाने कशाच्या आधारावर दिलासा दिला? व्यक्तिमत्त्व हक्काच्या, म्हणजे आपलं नाव, चेहरा, आवाज दुसऱ्याने परवानगीविना व्यापारासाठी वापरू नये या हक्काच्या. असा स्वतंत्र कायदा भारतात नाही. न्यायालयांनी तो निरनिराळ्या तुकड्यांतून जोडलाय: राज्यघटनेच्या कलम २१ मधला खासगीपणाचा हक्क, दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवू नये हे व्यापारातलं जुनं तत्त्व, आणि कॉपीराइट कायद्यातले कलाकारांचे काही हक्क. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांना आणि २०२३ मध्ये अनिल कपूर यांना, त्यांच्या 'झकास'सकट, असं संरक्षण दिलं. अरिजित यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं. कुणाही माणसाचं बोलणं एखाद्या प्रसिद्ध गायकाच्या आवाजात बदलून देणारं साधन त्याच्या परवानगीशिवाय उपलब्ध करून देणं, हाच हक्कभंग ठरू शकतो असं न्यायालयाने म्हटलं. नुसती नक्कल करणारा नाही, नकलेचं यंत्र विकणाराही जबाबदार. हे महत्त्वाचं आहे.

असे खटले अनेकदा अज्ञात लोकांविरुद्धही दाखल होतात, कारण इंटरनेटवर नक्कल कोण करतंय ते माहीत नसतं. परदेशात अशा अज्ञात प्रतिवादीला 'जॉन डो' म्हणतात. आपल्याकडच्या न्यायालयांनी त्याचं नाव 'अशोक कुमार' ठेवलंय. सिनेमावाल्यांच्या दाव्यात प्रतिवादी अशोक कुमार असावा, हा योगायोग कुणाला गमतीशीर वाटला असेल तर मलाही वाटतो.

यातले बहुतेक आदेश अंतरिम आहेत, बरेचसे समोरच्या बाजूचं पूर्ण ऐकण्याआधीचे. टीकाकारांचा आक्षेप इथेच आहे. सोंगाड्या आणि बहुरूपी यांच्या परंपरेत वाढलेल्या भाषेला नकलेचं वावडं नसावं, आणि नेत्याची, नटाची टर उडवण्याची वाट बंद होऊ नये. न्यायालयांना याचं भान आहे. जॅकी श्रॉफ यांच्या २०२४ मधल्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने बऱ्याच जणांना रोखलं, पण त्यांच्या मुलाखतीचा गमतीदार व्हिडिओ बनवणाऱ्या एका यूट्यूबरला त्या टप्प्यावर हात लावला नाही. पण हा तोल प्रत्येक वेळी न्यायाधीशाच्या विवेकावर सोडलेला आहे.

माझा मुद्दा मात्र दुसरा आहे. व्यक्तिमत्त्व हक्काच्या दाव्यात पहिली पायरी काय? लोक मला ओळखतात हे सिद्ध करणं. या विषयातला सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अमेरिकी खटला पाहा. फोर्डच्या जाहिरातीसाठी गायिका बेट मिडलर यांनी नकार दिला, तेव्हा जाहिरात कंपनीने त्यांच्याच जुन्या कोरस गायिकेकडून हुबेहूब तसं गाऊन घेतलं. १९८८ मध्ये न्यायालय मिडलर यांच्या बाजूने उभं राहिलं; पण ते तत्त्व मांडताना त्याने अट घातली की आवाज वैशिष्ट्यपूर्ण हवा आणि सर्वदूर माहीत असलेला हवा. त्या कोरस गायिकेचा आवाज कुणी चोरला असता तर? ती सर्वदूर माहीत नव्हती.

'बाहुबली'त प्रभासला हिंदी आवाज शरद केळकरांनी दिला, 'पुष्पा'त अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदेंनी. दोघेही मराठी, दोघांचीही नावं लोकांना ठाऊक. उद्या त्यांच्या आवाजाची नक्कल झाली तर न्यायालयात उभं राहायला त्यांच्यापाशी ओळखीचं भांडवल आहे. त्याच चित्रपटांत गर्दीचे, सैनिकांचे, दुकानदाराचे, म्हाताऱ्या आईचे आवाज देणारे लोकही होते. डबिंगच्या भाषेत ते 'क्राउड' करतात, एका शिफ्टमध्ये पाच-सहा पात्रं उडवतात. त्यांचं भांडवल तेवढा गळाच.

परदेशात अशा लोकांचे खटले उभे राहिलेत. कॅनडातल्या बेव्ह स्टँडिंग या निवेदिकेने भाषांतराच्या कामासाठी म्हणून वाक्यं वाचून दिली होती. काही वर्षांनी टिकटॉकवर मजकूर वाचून दाखवणारा आवाज आपलाच आहे हे तिच्या लक्षात आलं. तिने २०२१ मध्ये दावा लावला, पुढे तडजोड झाली. न्यूयॉर्कमधल्या पॉल लेहरमन आणि लिनिया सेज या दोघांनी ऑनलाइन मिळालेलं छोटं काम म्हणून रेकॉर्डिंग करून दिली होती. तोच आवाज लोवो नावाच्या कंपनीच्या विक्रीला ठेवलेल्या आवाजांत निघाला, असा त्यांचा आरोप आहे. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचे ट्रेडमार्कचे आणि कॉपीराइटचे बहुतेक मुद्दे फेटाळले. टिकलं काय? कराराचा भंग, आणि न्यूयॉर्क राज्याचा एक जुना कायदा, जो कुणाही जिवंत माणसाचं नाव, चेहरा, आवाज परवानगीविना व्यापारासाठी वापरायला मनाई करतो. कुणाही माणसाचा, प्रसिद्धीची अट नाही. आपल्याकडे तसा कायदा नाही.

मग आपल्याकडच्या निनावी कलाकाराकडे काय आहे? फार कमी, पण अगदीच काही नाही असं नव्हे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देव आनंद यांच्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं होतं की चित्रपटातल्या अभिनयावर नटाचा कॉपीराइट नसतो. १९९४ च्या दुरुस्तीने प्रथमच 'कलाकाराचा हक्क' कायद्यात आला आणि २०१२ मध्ये तो बळकट झाला. कलाकार कोण याची यादी कायद्याने दिली आहे आणि ती वाचण्यासारखी आहे: नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, हातचलाखी करणारा, जादूगार, गारुडी, व्याख्याता, 'किंवा कला सादर करणारी इतर कोणीही व्यक्ती'. गारुड्याची आठवण ठेवणाऱ्या कायद्यात डबिंग कलाकाराचं नाव वेगळं नाही, पण 'इतर कोणीही' मध्ये तो आरामात बसतो. आपलं सादरीकरण रेकॉर्ड करणं, त्याच्या प्रती काढणं, इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं, यावर कलाकाराचा हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. शिवाय आपलं नाव लागावं आणि सादरीकरणाची आपल्या लौकिकाला बाधा आणणारी मोडतोड होऊ नये, असे दोन नैतिक हक्कही आहेत. स्टुडिओत बंद दाराआड गायलेलं सादरीकरण धरायचं का, ही शंकाही दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये गायिका नेहा भसीन यांच्या प्रकरणात फेटाळली. गाणं त्यांनी गायलं होतं, मुख्य गायिका म्हणून नाव दुसरीचं लागलं होतं, त्यांचं फक्त साथीला. सादरीकरण स्टुडिओत असो वा प्रेक्षकांसमोर, पहिल्यांदा ते जिवंतच असतं, असं न्यायालय म्हणालं.

गोम पुढे आहे. त्याच व्याख्येला एक परंतुक आहे: चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला मोडतोड रोखण्याचा नैतिक हक्क सोडून बाकी बाबतींत कलाकार मानायचं नाही. म्हणजे ज्यांनी नाव लावायचं त्यांनीच ते लावलं नाही, की हक्कही बारगळण्याची सोय. डबिंगवाले श्रेयनामावलीत नाव मागतात तेव्हा 'हौस आहे बिचाऱ्यांना' असं कुणी म्हणत असेल, तर त्याने हे परंतुक वाचावं.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. यंत्राने नव्याने बोललेलं वाक्य हे कलाकाराने केलेलं सादरीकरण नाहीच. ते तो कधी बोललाच नव्हता. मग कसला भंग? इथे वकील मंडळी एक पायरी मागे जातात. ठसा तयार करण्यासाठी मूळ रेकॉर्डिंगची प्रत काढावी लागते, साठवावी लागते. ती साठवण परवानगीशिवाय झाली तर भंग तिथेच होतो. युक्तिवाद मला पटतो, पण तो युक्तिवाद आहे, ठरलेला कायदा नव्हे.

उरतो करार, आणि सगळा खेळ तिथेच आहे. स्टुडिओतला रिलीज फॉर्म बहुधा एक-दोन पानांचा असतो, इंग्रजीत, टेक संपल्यावर निघायच्या घाईत समोर येतो. त्यात 'सर्व माध्यमांत, आज ज्ञात आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात' अशी भाषा असते. (विश्वात! मंगळावरचे प्रेक्षकही सोडायचे नाहीत.) याला धंद्यात 'बायआउट' म्हणतात. मुंबईकराला फरक असा सांगता येईल: खोली विकणं वेगळं आणि अकरा महिन्यांच्या लिव्ह-अँड-लायसन्सवर देणं वेगळं. डबिंग कलाकार समजतो की आपण आवाज या सिनेमापुरता भाड्याने दिला. कागद म्हणतो, विकला.

पण २०१२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या कलम १८ मध्ये एक अट घातली, आणि कलम ३९अ मुळे ती कलाकारांच्या हक्कालाही लागू आहे. करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराचा जो प्रकार अस्तित्वात नव्हता किंवा व्यापारी वापरात नव्हता, त्याचा करारात नाव घेऊन उल्लेख नसेल तर तो हक्क हस्तांतरित होत नाही. 'पुढे शोधल्या जाणाऱ्या' असं मोघम लिहून भागत नाही. शिवाय कलम १९ म्हणतं की मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. आता यातला उलटा परिणाम बघा. २०१४ मध्ये कुणी डोळे मिटून सही केली असेल, तरी आवाजाची यांत्रिक नक्कल तेव्हा असल्या व्यापारी वापरात नव्हती. तो कलाकार आज म्हणू शकतो की हा हक्क मी दिलाच नव्हता. पण आज सही करणाऱ्याला ही ढाल नाही. यंत्र आता आहे, बाजारात आहे. आजच्या फॉर्मवरचं 'सर्व माध्यमांत' हे त्यालाही कवेत घेऊ शकतं. बारा वर्षांपूर्वीच्या बेफिकीर सहीपेक्षा आजची बेफिकीर सही महाग पडेल.

निर्मात्यांची बाजू सरळ आहे आणि ती खोटी नाही. परदेशी मालिका, माहितीपट मराठीत येतच नाहीत, कारण खर्च निघत नाही. मराठी प्रेक्षकाला हिंदी डबवर भागवावं लागतं. यंत्राने खर्च खाली आला तर मराठीत जास्त येईल. येईलही. पण यंत्र मराठी ज्या गळ्यांवरून शिकलं त्यांना एकरकमी मानधन आणि यंत्रवाल्याला दरमहा वर्गणी, हा हिशोब मला मान्य होत नाही. वाटा द्यायची पद्धत अशक्य नाही. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये 'लाल सलाम'च्या गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने वापरले, तेव्हा कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला असं त्यांनी जाहीर केलं. कायद्याने भाग पाडलं म्हणून नव्हे. व्यक्तिमत्त्व हक्क माणसाबरोबर संपतात असं दिल्ली उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत प्रकरणात २०२३ मध्ये म्हटलेलंच होतं.

सरकारी पातळीवर हालचाल आहे, पण तिची दिशा दुसरी आहे. केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडलेल्या मसुद्याचा भर कृत्रिम मजकुरावर तसं लेबल लावण्यावर होता. हे कृत्रिम आहे एवढं लेबलवरून कळतं, कुणाच्या गळ्यावरून बनवलं ते नाही. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन विभागाच्या समितीने असं सुचवलं की कंपन्यांनी कॉपीराइट असलेलं साहित्य यंत्राला शिकवायला वापरावं, पण त्यासाठी रॉयल्टी भरावी. ऐकायला छान. पण डब केलेल्या ट्रॅकवरचा कॉपीराइट निर्मात्याकडे असतो, डब करणाऱ्याकडे नाही; पैसे आले तर आधी तिकडे जातील.

तोवर जे हातात आहे ते फॉर्मवर आहे. हे रेकॉर्डिंग कोणत्या कामासाठी, किती काळ, कोणत्या भाषेत आणि प्रदेशात वापरणार हे लिहून मागावं. आवाजाचा ठसा बनवायला किंवा यंत्राला शिकवायला परवानगी नाही, द्यायची झाल्यास वेगळा करार आणि वेगळे पैसे, ही एक ओळ घालून घ्यावी. श्रेयनामावलीत नाव मागावं, आणि मागितल्याचा मेसेज जपून ठेवावा. छापील फॉर्म बदलत नाही असं सांगितलं तर नको ती ओळ पेनाने खोडून शेजारी सही करता येते. समोरच्यानेही तिथे सही केली की ती ओळ करारातून गेली. स्टुडिओतून बाहेर पडण्याआधी दोन्ही सह्यांसकट त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये घ्यावा.